पसंतीचा नंबर

दादाराव गजभिये यांनी उभी नोकरी नंबर वाटण्यात काढली. आरटीओ कचेरीत, नोंदणीच्या टेबलावर, नव्या कोऱ्या गाड्यांना. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? म्हणजे तुम्ही मिळेल तो नंबर गपगुमान लावून घरी आलेली माणसं आहात. अहो, या नंबरापायी लोक काय काय करतात ते दादारावांना विचारा. एकाला एक्काच पाहिजे, एकाला चारही आठ पाहिजेत, एकाला बेरीज नऊच यायला पाहिजे. एका नवरदेवाने मनासारखा नंबर येईपर्यंत वरात अडवून धरली होती, असं ते शपथेवर सांगतात. आणि या सगळ्या भाऊगर्दीत दादारावांचा स्वतःचा जीव एकाच नंबरावर: चौदा शून्य चार. चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. त्या नंबराला नागपुरात नेहमी मागणी. दादारावांनी तो कित्येकांना दिला, पण आपल्या स्कूटरला घेतला नाही. वाढणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटात वाढून घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

असा हा माणूस एप्रिलच्या शेवटी सातासमुद्रापार ईडन प्रेरीला मुलाकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे, झोपेचं गणित बिघडल्यामुळे, बादली आणि फडका घेऊन ड्राइव्ह-वेमध्ये उतरला. तिथे दोन गाड्या उभ्या होत्या आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या, हिवाळाभर उडालेल्या चिखलाने दोन्हींच्या नंबरप्लेटी पार लिंपून गेल्या होत्या. आरटीओच्या माणसाला न वाचता येणारी नंबरप्लेट म्हणजे देवळात चप्पल. त्यांनी फडका मारला. पहिल्या गाडीच्या पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं वर आली. डब्ल्यू, एच, आणि पुढे चौदा शून्य चार.

मुलगा, कुशल, वरच्या खिडकीतून हे बघत होता. हातातला चहा गार होईस्तोवर बघत होता. तो चिखल त्याने मुद्दाम धुतला नव्हता. बाप येणार म्हटल्यावर घर आवरलं, पडदे धुतले, गॅरेजमधली खोकी रचली, पण तेवढ्या दोन पाट्यांना हात लावला नाही. उलट बर्फ वितळून पाऊस लागला तेव्हा त्याला वाईटच वाटलं होतं.

कारण असं होतं, की त्या पाट्या शिक्षा होत्या. त्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना माणूस सापडला आणि अंगातली दारू मर्यादेच्या दुप्पट भरली, की सरकार त्याच्या नावावरच्या सगळ्या गाड्यांचे, बायको चालवते तिचेसुद्धा, नंबर काढून घेतं आणि वेगळे देतं. इतरांच्या पाटीवर तळ्याचं आणि झाडांचं चित्र असतं, याच्यावर काही नाही. कोरी पांढरी पाटी आणि पहिलं अक्षर डब्ल्यू. लोक तिला सरळ ‘व्हिस्की प्लेट’ म्हणतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त नागपूरहून आलेल्या, नंबरांतच हयात घालवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

कुशल खाली गेला, म्हणाला, बाबा, राहू द्या ना, पाण्याने गंजतं. दादाराव म्हणाले, ॲल्युमिनियम कधीपासून गंजायला लागलं? मग त्यांनी समोरच्या घरची गाडी बघितली, शेजारची बघितली, पुन्हा आपल्या दोन बघितल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की कुशलला तिथून पळून जावंसं वाटलं.

“स्पेशल सीरिज आहे ना ही?” त्यांनी विचारलं. “अर्ज करून घेतलास?”

“नाही बाबा. सरकारने दिला,” कुशल म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि तरी हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं होतं.

बस्स. सरकारने दिला म्हणजे मान म्हणून दिला, आणि तोही चौदा शून्य चार. दादारावांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तोही कुशलकडूनच. काही मिनिटांत तो ‘निवृत्त आरटीओ परिवार’ या ग्रुपवर पोचला आणि तिकडून फुलं, हात जोडलेले, निळे झेंडे असं सगळं धो धो यायला लागलं. प्रसाद देशभ्रतार नावाच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने तर शोधच लावला, की हे अक्षर डबल यू नव्हेच, नीट बघा, दोन व्ही जोडलेले आहेत, म्हणजे डबल व्हीआयपी. दादारावांनी हे दिवसभर ज्याला त्याला सांगितलं. मोनालीला, म्हणजे सुनेला, सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती हसली नाही, रडली नाही, फक्त भाकरी जरा जास्त मोठी झाली.

रात्री ती कुशलला म्हणाली, सांगून टाक. तो म्हणाला, थकून आलेत गं, दोन दिवस जाऊ दे. दोन दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. खोट्याचं असंच असतं, पहिल्या दिवशी ते काढून टाकता येतं, मग त्याच्यावर घर उभं राहतं.

आणि हे घर दादाराव स्वतःच बांधत होते, कुशलला वीटही उचलावी लागत नव्हती. कुशलचं लायसन्स वर्षभरासाठी गेलं होतं. त्यामुळे विमानतळावर आणायला आली ती मोनाली, किराणा आणायला जाते ती मोनाली, अनिकाला शाळेत सोडते ती मोनाली. दादारावांना यात मुलाचा मोठेपणा दिसला. साहेबलोक कधी स्वतः चालवतात का? कुशलचा मित्र नरेंद्र रोज सकाळी त्याला ऑफिसला न्यायला यायचा, त्यात त्यांना कचेरीची जीप दिसली. आठ वर्षांची अनिका शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच गाडी थांबवायला लावायची, “हिअर इज फाइन, मॉम,” म्हणायची आणि उरलेलं अंतर पायी जायची. दादारावांना नातीचं कौतुक वाटलं, की बघा, पोरगी चालायला कंटाळत नाही. रस्त्यात पोलिसांची गाडी मागे लागून थोडं अंतर ठेवून चालली, की ते मागे वळून हात हलवायचे. सरकारी माणसाने सरकारी माणसाला ओळख द्यावी, तसं.

समोर एक म्हातारा गोरा गृहस्थ एकटाच राहायचा. दादाराव रोज सकाळी दोन्ही पाट्या पुसायचे हे तो आपल्या पायरीवरून बघायचा. एके दिवशी तो रस्ता ओलांडून आला, दादारावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “वन डे ॲट अ टाइम, सर. वन डे ॲट अ टाइम.” एकेक दिवस करत जायचं. दादाराव घरात येऊन म्हणाले, भला माणूस आहे, माझ्या झोपेचं त्याच्या लक्षात आलं. कुशल न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून तसाच उभा राहिला. त्या म्हाताऱ्याला वाटलं होतं की पिणारा तो हाच. आपल्या बापाने जन्मात थेंब घेतला नाही आणि परक्या देशात एक परका माणूस त्याला दारू सोडल्याबद्दल धीर देऊन गेला, हे कुशलला सहन होईना. पण सहन होईना म्हणून तो बोलला का? नाही बोलला.

त्याला भीती शिक्षेची नव्हती. शिक्षा झाली होती. तुरुंगात दोन रात्री, जजसमोर मान खाली, दारू सोडवायचे शनिवारचे वर्ग, व्हिसावर आलेलं गंडांतर आणि त्यामुळे कॅन्सल केलेली नागपूरची तिकिटं. भीती एकच होती, की बापाच्या चेहऱ्यावरचं ते तेज आपल्या तोंडच्या शब्दांनी जाणार. आई रमाबाई गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं काही त्याने बघितलं नव्हतं. ते पुन्हा दिसलं, आणि दिसलं ते या पाटीमुळे. दैव पण काय एकेकाची थट्टा करतं.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा आली. त्या भागात नागपूर, अमरावती, चंद्रपूर आणि मुंबईकडची बौद्ध कुटुंबं बऱ्यापैकी आहेत. दरवर्षी तळ्याकाठच्या बागेतला एक मांडव भाड्याने घेतात, पांढरे कपडे घालून जमतात, वंदना होते, खीर होते, मुलं पाण्यात दगड मारतात. यंदा वयाने सगळ्यांत मोठे दादाराव होते, तेव्हा त्रिसरण पंचशील त्यांनीच द्यावं असं ठरलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, आणि निघण्याआधी मोनालीच्या गाडीची पाटी पुन्हा एकदा पुसली.

पंचशील म्हणताना दादारावांचा आवाज खणखणीत लागतो. त्यांनी एकेक शील सांगायचं, मागून सगळ्यांनी म्हणायचं. पाचवं आलं. सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि, मद्यापासून दूर राहण्याचं शील. कुशलने तोंड मिटून घेतलं. जानेवारीपासून तो असंच करत आला होता, चार म्हणायची आणि पाचव्याला गप्प बसायचं. जे मोडलं ते पुन्हा तोंडाने म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. शेजारी मोनालीने मात्र ते स्पष्ट म्हटलं, जरा जोरातच.

मग जेवणं लागायच्या आधी लोक गप्पांत गुंतले आणि विषय नेमका तिकडेच वळला. मागल्या आठवड्यात गावात एका पिऊन गाडी चालवणाऱ्याने सायकलवरच्या एका शिक्षिकेला उडवलं होतं, ती अजून हॉस्पिटलमध्ये होती. नरेंद्र म्हणाला, वाईटच झालं यार, पण इकडचे कायदे पण अति आहेत, घेतात तर सगळेच, ज्याचं नशीब खराब तो सापडतो, आणि एका चुकीपायी माणसाचा व्हिसा, नोकरी, सगळं बरबाद. तो हे कोणासाठी बोलत होता ते सगळ्यांना कळत होतं. मित्र म्हणून तो असाच होता. कुशल सापडला तेव्हा सगळ्यांत आधी धावून आला तोही हाच, आणि “चल यार, होतं असं, पुढच्या वेळी उबर करू” म्हणणाराही हाच. तेव्हा फोन केलेल्या जवळपास सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. कोणी वकील सुचवला, कोणी पोलिसांना शिव्या दिल्या. तू चुकलास असं कोणीच म्हणालं नाही. एक वीणाताई सोडून. वीणाताई इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहेत. त्या तेव्हा कुशलला तोंडावर म्हणाल्या होत्या की तू नशीबवान आहेस, माझ्याकडे स्ट्रेचरवर आला नाहीस आणि कोणाला पाठवलंही नाहीस.

आता त्याच वीणाताई नरेंद्रला म्हणाल्या, चूक म्हणजे मीठ जास्त पडणं. किल्ली हातात घेऊन, दार उघडून, पट्टा लावून करतात त्याला चूक म्हणत नाहीत. दोन्हीकडून आवाज चढायला लागले तेव्हा कोणीतरी मध्ये पडलं आणि म्हणालं, काकांना विचारा, काका आरटीओत होते, त्यांच्याइतकं कोणाला कळणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुशल उठून खिरीचं भांडं आणायला गेला होता, तो भांड्याचे कान धरून तसाच उभा राहिला.

दादाराव उठले. त्यांनी घसा साफ केला.

“आम्ही लायसन्स सस्पेंड करायचो,” ते म्हणाले. “तीन महिने, सहा महिने. माणूस हसत यायचा आणि परत घेऊन जायचा. का हसायचा? कारण लायसन्स खिशात असतं, ते गेलेलं कोणाला दिसत नाही. दंड तर बापही भरतो. मला विचाराल तर गाडीवरच ठसा मारा. दुरून दिसला पाहिजे. वस्तीत कळलं पाहिजे, कचेरीत कळलं पाहिजे, पोरांच्या शाळेत कळलं पाहिजे. लाज वाटल्याबिगर माणूस सुधरत नाही.”

नरेंद्र बुटाची नाडी बांधायला वाकला. वीणाताईंनीसुद्धा, ज्यांच्या मनातलंच ते बोलले होते, मान फिरवून तळ्याकडे बघितलं. दादारावांना वाटलं, मुद्दा पटला. पटला म्हणून जरा रंगही चढला, आणि त्यांनी बाहेर उभ्या गाडीकडे हात केला.

“उलट चांगल्या माणसाला सरकार कसा मान देतं तेही बघा. माझ्या कुशलला न मागता नंबर मिळाला. कोणता? चौदा शून्य चार.”

मग नरेंद्र उठून टाळ्या वाजवायला लागला. काय करणार बिचारा. त्याच्या मागे दुसऱ्याने वाजवल्या, मग सगळ्यांनी. म्हाताऱ्या माणसाचा मान राखायला तीस-चाळीस माणसं व्हिस्की प्लेटसाठी टाळ्या वाजवत होती. नरेंद्र म्हणाला, काका, खीर घ्या, गार होईल. आणि सगळं झाकलं गेलं. इतकं छान झाकलं गेलं की कुशलने नुसतं गप्प राहायचं ठरवलं असतं, तरी दादाराव ऑगस्टमध्ये परत जाताना तसेच उजळ चेहऱ्याने विमानात बसले असते.

त्याने मोनालीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या मांडीवर अनिका होती, आणि अनिकाचे कान तिने दोन्ही हातांनी झाकले होते.

घरी निघाले तेव्हा मोनाली गाडी चालवत होती, कुशल शेजारी, मागे आजोबा आणि नात. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागे पोलिसांची गाडी आली. त्या गाडीने काही केलं नाही, नुसती मागे राहिली. दादारावांनी वळून हात हलवला आणि म्हणाले, बघ, आपल्या नंबराला कसा मान देतात. अनिका सीटवर खाली खाली सरकत गेली, डोकं खिडकीच्या खाली जाईपर्यंत. कुशलने मोनालीचे हात बघितले. स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली होती, नजर वेगाच्या काट्यावर खिळली होती, आणि ओठ मिटलेले होते. हे ती रोज करते, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शेजारी बसून बघणं वेगळं. मद्याला आयुष्यात न शिवलेली बाई त्याच्या दारूची पाटी घेऊन रोज शाळेत, ऑफिसात, दुकानात जात होती, आणि वर सासऱ्याच्या कौतुकाला मान डोलवत होती. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे तर सुकं बाजूला बसून होतं आणि ओलंच जळत होतं.

पोलिसांची गाडी पुढच्या वळणाला निघून गेली.

“मोनाली, गाडी बाजूला घे,” कुशल म्हणाला.

तिने एका बंद दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी घेतली. अनिकाला ती हात धरून बाहेर घेऊन गेली, न सांगताच. कुशल मागे वळला. बोलायचं काय ते त्याने तीन आठवडे पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

“बाबा, तुम्ही ज्या ठशाबद्दल बोललात ना, तो हाच आहे.”

दादारावांना कळेना. मग कुशलने सगळं सांगितलं. कसला तरी प्रोजेक्ट पार पडला म्हणून जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारपासून ऑफिसची माणसं बसली होती. त्याने किती घेतली ते त्यालाही आठवत नव्हतं. संध्याकाळी तो गाडीत बसला आणि वाटेत बर्फावरून घसरून कोणाची तरी टपालपेटी पाडून झाडावर गेला. डब्ल्यू म्हणजे काय तेही सांगितलं.

दादारावांनी पहिला प्रश्न विचारला, तो नोकरीतल्या सवयीचा. “कोणाला लागलं?”

“कोणाला नाही.”

“कुठे चालला होतास?”

कुशलने बाहेर उभ्या अनिकाकडे बघितलं. “अनिकाच्या डान्स क्लासला. तिला घरी आणायला.”

दादाराव दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून मागे गेले आणि पाटीसमोर हात पाठीशी बांधून उभे राहिले. त्यांनी ती पहिल्यांदा बघावी तशी वाचली. कुशलला आरशात त्यांचं डोकं दिसत होतं, आणि ते हलत होतं. राग, लाज, दुःख, सगळं त्या एका डोक्यात चाललं असणार, आणि आपल्यामुळे, हे त्याला कळत होतं. थोड्या वेळाने ते आत येऊन बसले. म्हणाले, पोरीला भूक लागली असेल, चला. सकाळी उजळलेला तो चेहरा कुठे गेला ते विचारू नका. बाप एकदम म्हातारा दिसत होता.

संध्याकाळी दादाराव घरामागच्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून बसले. जेवायला आले नाहीत. कुशल ताट घेऊन गेला आणि बाजूला उभा राहिला. शेवटी म्हणाला, तुम्ही आज मांडवात बोललात ते बरोबरच होतं.

“बरोबरच होतं,” दादाराव म्हणाले. “ते मी मागे घेणार नाही. पण ठसा मला पिणाऱ्यावर हवा होता. गाडी कोण चालवते?”

“मोनाली.”

“मग दिसते कोण?”

दादाराव म्हणाले, चाळीस वर्षांत नंबर गाडीला देतात एवढं मला कळलं, पण गाडीत कोण बसतं ते मी कधी बघितलंच नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला. ग्रुपवर टाकायचं काहीही ते आधी मुलाकडून तपासून घ्यायचे, शुद्धलेखनासाठी. आताही त्यांनी फोन पुढे केला. लिहिलं होतं: ‘मित्रांनो, मी टाकलेला चौदा शून्य चार हा मानाचा नंबर नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला इथे असा नंबर देतात. माझ्या मुलाला दिला आहे. शिक्षा योग्य आहे. मी न विचारता फुशारकी मारली. जय भीम.’

कुशलने तो मजकूर दोनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. ज्या ग्रुपवर बापाची सगळी पत, तिथेच ते हे टाकायला निघाले होते, आणि बटण त्यांनी दाबलं नव्हतं, त्याच्या हातात दिलं होतं. कुशलने ते दाबलं.

थोड्याच वेळात प्रसादरावांचा आवाजी निरोप आला. डिलीट करा साहेब, पोरं घेतात कधीमधी, झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाराव फोनकडे बघून म्हणाले, मूठ मीच उघडून दाखवली होती ना, आता काय झाकायचं. आणि त्यांनी ताट ओढून जेवायला सुरुवात केली. अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. कुशल जागा झाला तो बादलीच्या आवाजाने. त्याला खरं वाटेना. खाली गेला तर दादाराव रोजच्यासारखे ड्राइव्ह-वेमध्ये, धोतराचा जुना फडका पाण्यात बुडवत होते. समोरचा म्हातारा पायरीवर बसला होता, त्याने हात वर केला. दादारावांनीही केला, आणि आज तो का केला ते त्यांना ठाऊक होतं.

“बाबा, आता कशाला पुसता?” कुशल म्हणाला.

“नंबर आहे तो,” दादाराव म्हणाले. “वाचता आला पाहिजे.”

कुशलने त्यांच्या हातातून फडका घेतला. त्यांनी दिला. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, त्याची जानेवारीपासून न हललेली आणि मोनालीची. तो आपल्या गाडीपुढे वाकला, तसा मागून दादारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“ती नाही,” ते म्हणाले. “आधी मोनालीची.”

तो उठला, मोनालीच्या गाडीपुढे गेला आणि गुडघे टेकून बसला. दारात मोनाली किल्ली घेऊन उभी होती, अनिका पाठीवर दप्तर घेऊन. कुशलने फडका पिळला आणि डब्ल्यूपासून पुसायला घेतलं.